ठोके माझे, मिरवली पांढरी

मित्रांनो, तुम्ही मला ऐकले आहे, पण पाहिलेले नाही. ‘उशीरकर’ या बँडचे ‘नाही उठत, जा!’ हे पहिलेवहिले गाणे तुमच्या कानावरून नक्की गेले असेल. गिटार सुरू होण्याआधी त्यात चार ठोके वाजतात. धप्, धप्, धप्-धप्! ते ड्रमचे नाहीत, माझे आहेत. मी एक जुनी गादी आहे, निळ्या पट्ट्यांची, कापसाची, एका कोपऱ्यात चहाचा डाग असलेली. त्या गाण्याच्या व्हिडिओत तुम्ही जी पांढरीशुभ्र गादी पाहिलीत, जिच्यावर सगळे उड्या मारतात आणि पिसे उडतात, ती मी नव्हे. तसा आवाज तिच्या पोटातून सात जन्मांत निघायचा नाही. आवाज माझा आणि मिरवली ती! माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही जळला असता.

पण सुरुवातीपासून सांगते.

रस्त्याला लागून एक लांबट खोली होती. खाली गाद्यांचे दुकान आणि वर घर. दुकानात एका बाजूला कापसाचे गठ्ठे, दुसऱ्या बाजूला कापूस पिंजायचे यंत्र, आणि दाराजवळ उजेडात शिवणयंत्र. गल्लीतले लोक मालकांना गादीवाले म्हणत आणि त्यांच्या मुली बाबा म्हणत. मीही बाबाच म्हणते, कारण मलाही त्यांनीच घडवले. शिवणयंत्रावर आई बसायची. खोळी शिवताना तिचे हात यंत्रावर चालत आणि तोंड त्याहून वेगाने चाले.

मुली दोन. थोरलीला सगळे ताई म्हणत आणि धाकटीला धाकटीच म्हणत. दोघी एकाच लहान पलंगावर झोपत. एके दिवशी ताईचे पाय पलंगाबाहेर लोंबू लागले, तेव्हा मोठा पलंग आणून बाबांनी त्यावर तिच्यासाठी मला करायला घेतले. गिऱ्हाइकांच्या गाद्या त्यांनी ढिगाने भरल्या होत्या, पण माझा कापूस त्यांनी मूठमूठ निवडला. खोळीचे कापड आईने खास बाजूला ठेवले होते. बाबांनी लांब दाभण घेऊन जाड दोऱ्याचे टाके असे एका रांगेत घातले, की शेजारचे दातांचे डॉक्टर बघून म्हणाले, “असे टाके मलाही जमत नाहीत.” मी फुगले. नवी गादी फुगतेच, पण मी जरा जास्तच फुगले.

त्या दिवशी धाकटी दुकानाच्या दाराची चौकट धरून उभी होती. तिने विचारले, “आणि मला?”

“तू ताईच्या कडेला झोप. तू आहेसच केवढीशी!” बाबा हसून म्हणाले आणि पुढच्या कामाला लागले. मी तिच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. मला माझ्या पट्ट्यांचे कौतुक होते.

मित्रांनो, गादी नुसती भरून आणि शिवून होत नाही. भरल्यावर तिला वेताच्या दोन छड्यांनी बडवावी लागते, म्हणजे कापूस सगळीकडे सारखा बसतो. मोठी झाल्यावर हे काम ताईकडे आले. ताई अबोल होती. दिवसभरात ती बोटांवर मोजण्याइतकी वाक्ये बोलायची, पण हातात छड्या आल्या की तिचे हात गप्पा मारू लागायचे. एक छडी सरळ चालायची, दुसरी मध्येच खोडी काढायची. बाबा ओरडायचे, “अगं, कापूस बसवायचाय, नाचवायचा नाही!” गिऱ्हाईक मात्र आपली गादी बडवून होईपर्यंत पायाने ताल धरून उभे राहायचे.

धाकटी अगदी उलट. तिच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हते. दुकानात ती कधी कामाला लागली नाही, कारण कापसाने तिला शिंका येत. पुढे तिने एक जुनी गिटार मिळवली. चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा एक ताडमाड मुलगा तिच्या ओळखीचा होता. तो चार तारांची जाड आवाजाची गिटार वाजवायचा. त्याला सगळे खांब म्हणत. धाकटी आणि खांब यांना ड्रम वाजवणारे कुणी मिळेना, आणि घरात तर ताई होती. झाला बँड. कुठेही वेळेवर पोचायचे नाही हा तिघांचा एकच समान गुण, म्हणून नाव पडले ‘उशीरकर’.

वरच्या खोलीत त्यांचा सराव सुरू झाला. धाकटीने आईला समजावले, “आई, याला पॉप पंक म्हणतात.”

“याला कटकट म्हणतात,” आई म्हणाली.

भिंतीपलीकडे दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. दुसऱ्याच दिवशी ते हातमोजे न काढताच जिना चढून आले. “पेशंटचे दात मी हलवायचे की तुम्ही?” असे त्यांनी विचारले. त्यावर तोड म्हणून मला पलंगावरून उचलून त्या भिंतीला उभे केले गेले, आवाज गिळायला. गादीचा जन्म आडवे पडण्यासाठी असतो. मला उभे राहावे लागले, तेही कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात. पण खरे सांगू? मला आवडले. ताईचा ड्रम माझ्यापासून हातभर अंतरावर असे. तिचा प्रत्येक ठोका आधी माझ्या पोटात यायचा.

ते गाणेही माझ्यावरच जन्मले. आई रोज सकाळी खालून ओरडायची, “उठतेस की येऊ वर?” आणि माझ्या कडेला गुरफटलेली धाकटी पांघरुणातूनच ओरडायची, “नाही उठत, जा!” एका सकाळी ताईने त्या ओरडण्याला माझ्यावर बोटांनी ठेका दिला. धाकटी डोळे न उघडता पुन्हा ओरडली, ठेक्यात. आई तिसऱ्यांदा हाक मारेपर्यंत अर्धे गाणे झाले होते.

*नाही उठत, जा!*
*सूर्याला म्हणावं, उद्या ये, जा!*
*घड्याळाला म्हणावं, तूच झोप जरा,*
*नाही उठत, नाही उठत, नाही उठत, जा!*

शब्द धाकटीचे, ठेका ताईचा, आणि जागा माझी. हिशेब अगदी स्वच्छ होता.

ध्वनिमुद्रण दुकानातच झाले, सुटीच्या दिवशी. बसस्थानकावरच्या सूचना मुद्रित करणारा एक माणूस दोन माइक घेऊन आला. चहूबाजूंनी कापसाचे गठ्ठे पाहून तो खूश झाला. अशी शांत खोली त्याला कुठे मिळाली नव्हती. मला खाली आणून ड्रममागे उभे केले होते. सगळे तयार झाले आणि ताईच्या लक्षात आले, की ड्रमच्या काड्या वरच राहिल्या. त्या आणायला गेलेली धाकटी वर कुठे तरी शोधत बसली. आवाजवाल्याला पुढच्या कामाची घाई होती. धाकटी काड्या घेऊन एकदाची आली आणि तिने गिटार उचलली, पण तोवर ताईचे हात शिवशिवत होते. काड्या घ्यायच्या आधीच तिने कोपऱ्यातल्या वेताच्या छड्या उचलल्या आणि वळून मलाच चार ठोके दिले. धप्, धप्, धप्-धप्! त्या ठेक्यावर गिटार आपोआप सुरू झाली.

आवाजवाल्याने कानावरचे हेडफोन काढले. “हे काय वाजलं?”

“गादी,” ताई म्हणाली.

“हेच ठेवा. पुन्हा मारा.”

ताईने पुन्हा मारले. मी जीव ओतून वाजले.

मग पहिला व्हिडिओ झाला. पैशांच्या नावाने शंख होता, म्हणून पासपोर्टचे फोटो काढणाऱ्या फोटोवाल्याला गळ घातली. त्याने एकच अट घातली, की कुणी हसायचे नाही, कारण त्याला तीच सवय होती. तिघांनी मला डोक्यावर घेऊन गावभर फिरवले. बसथांब्यावर टाकून माझ्यावर झोपले. बँकेच्या रांगेत झोपले, आणि रांग पुढे सरकली की मला ओढत पुढे नेले. तिथेच एका गृहस्थाच्या हातातला चहा माझ्या कोपऱ्यावर सांडला. केशकर्तनालयात मोठ्या आरशासमोर मला टाकले, तेव्हा मी स्वतःला पहिल्यांदा पाहिले. वाटले तितकी मी नवी राहिले नव्हते, पण देखणी होते. चौकात वाहतूक पोलीस आला. “काय चाललंय हे? उठा!” तो म्हणाला. तिघांनी कॅमेऱ्याकडे बघून एका सुरात उत्तर दिले, ते तुम्हाला माहीत आहेच. शेवटी त्यानेच माझा एक कोपरा धरून आम्हा सगळ्यांना पदपथावर नेऊन ठेवले, आणि तेही व्हिडिओत आले.

तो व्हिडिओ फार लोकांनी पाहिला नसेल, पण आमच्या भागात तो सगळ्यांनी पाहिला. गिऱ्हाइके दुकानात येऊन विचारायची, “ती गादी हीच का?” शाळेतून येताना मुले माझ्या डागाला हात लावून जायची. आई त्यांना ओरडायची आणि मग स्वतःच दाखवायची. माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस होते.

मग गाण्यांच्या कंपनीवाल्या मॅडम आल्या. त्यांचा आवाज मऊ होता आणि चपला त्याहून मऊ. त्या म्हणाल्या, “गाणं आम्ही घेतो. ध्वनिमुद्रण हेच राहू दे, असं पुन्हा होणार नाही. व्हिडिओ मात्र नवा करू.” धाकटीने आनंदाने खांबाला मिठी मारायला उडी मारली, तरी ती त्याच्या खांद्यापर्यंतच पोचली. ताई म्हणाली, “गादी हीच घ्यायची.” मॅडम म्हणाल्या, “आणा की.”

मला टेम्पोवर टाकून नेले. जिथे नेले तिथे एका मोठ्या खोलीत दुसरी खोटी खोली उभी केली होती. खोटी खिडकी, खोटी सकाळ. कॅमेऱ्यावर बसलेल्या माणसाने मला एकदा पडद्यावर बघितले आणि मान हलवली. “पट्टे चालणार नाहीत. कॅमेऱ्यात नाचतात.” झाले! माझे पट्टे, ज्यांच्यावर आईने इतक्या कौतुकाने कात्री चालवली होती, ते नाचरे ठरले. मला भिंतीला टेकवून उभे केले आणि चार माणसांनी ती आणली.

पांढरी. जाडजूड. पोटात स्प्रिंगा. अंगावर एक डाग नाही, कारण तिच्यावर कधी कुणी झोपलेच नव्हते. तिच्यावर कुणाला ताप आला नव्हता, कुणी परीक्षेच्या आदल्या दिवशी रडले नव्हते, कुणी गाणे लिहिले नव्हते. तिला मधोमध ठेवून तिच्यावर दिवे सोडले. माझ्या अंगाची लाही लाही झाली. कापसाने असे पेटणे बरे नाही, हे मला कळते, पण पेटले.

आणि एवढ्यावर थांबले नाही. सुरुवातीचे चार ठोके कोण देणार, असा प्रश्न आला. ताई छड्या घेऊन पुढे झाली. मॅडम मऊपणे म्हणाल्या, “पहिला चेहरा गाणारीचा दिसायला हवा ना! तुम्ही मागे ड्रमवर छान दिसाल. थोडा धूर सोडू.” ताईने धाकटीकडे पाहिले. धाकटीने छड्यांकडे पाहिले, मग खोट्या खिडकीकडे पाहिले, आणि हात पुढे केला. ताईने छड्या दिल्या. ती मागे येऊन माझ्याशेजारी उभी राहिली.

ध्वनिक्षेपकातून माझा आवाज आला. धप्, धप्, धप्-धप्! आणि समोर धाकटी पांढरीला बडवत होती. जन्मात कधी गादी बडवली नव्हती तिने. छडी धरली होती माशा मारल्यासारखी. माझा आवाज त्या पांढरीच्या अंगातून निघतो आहे असे दिसत होते, आणि ताईचे हात धाकटीच्या खांद्यांना फुटले आहेत असे दिसत होते. ताईची मूठ माझ्या खोळीत रुतली होती. त्या क्षणी त्या खोलीत आम्ही दोघीच एकमेकींच्या होतो, आणि दोघी जळत होतो.

चौथ्या ठोक्याला स्प्रिंगेने आपला गुण दाखवला. छडी उसळली आणि थेट धाकटीच्या कपाळावर बसली. सगळे “अरेरे” म्हणत धावले. ताई हसली. अबोल ताई, पण तिचे हसणे त्या मोठ्या खोलीत शेवटच्या भिंतीपर्यंत ऐकू गेले.

“हसतेस काय? लागलंय मला!” धाकटी कपाळ धरून ओरडली.

“बडवायला कधी आली होतीस का दुकानात?”

“मग तूच ये ना!”

“मला कुणी बोलावलंय?” ताई म्हणाली. त्या दिवशीचे काम तिने धुरामागे बसून पुरे केले आणि मला टेम्पोवर टाकून घरी आणले.

दुसरा व्हिडिओ वाऱ्यासारखा पसरला. तुम्ही पाहिलात तो हाच. दुकानात गिऱ्हाइके येऊ लागली आणि म्हणू लागली, “ती व्हिडिओतली पांढरी मिळेल का?” बाबा मान हलवायचे आणि दाभणात दोरा ओवायचे. एकदा एका बाईने चक्क माझ्यासमोर असे विचारले. मित्रांनो, गादीला तोंड नसते ते बरे असते.

वर कडी म्हणजे, कंपनीने ती पांढरी धाकटीला भेट म्हणून घरी धाडली! वरच्या खोलीत दुसरा पलंग आला आणि त्यावर ती विराजमान झाली. आईने तिच्यावरचे प्लॅस्टिक काढू दिले नाही. “एवढी महागाची वस्तू, मळेल,” ती म्हणाली. धाकटी कूस बदलायची आणि प्लॅस्टिक कुरकुर करायचे. मला फार बरे वाटायचे.

पण ते सुख मला फार दिवस मिळाले नाही. ताईने बँड सोडला. सोडला असे ती म्हणाली नाही, नुसती सरावाला जाईनाशी झाली. मोठ्या सभागृहातला पहिला कार्यक्रम तोंडावर आला होता, म्हणून कंपनीने भाड्याचा ड्रमवाला आणला. ताईला माझ्यावर झोप लागेना. मला बघितले की तिला ते चार ठोके आठवत असणार. एके दिवशी तिने मला गुंडाळले आणि जिन्याखाली नेऊन ठेवले, जिथे भिंतीला कायम ओल असते. स्वतः ती सतरंजीवर झोपू लागली. मी तिथे उभी राहून कुढत होते. वरून प्लॅस्टिकची कुरकुर ऐकू यायची. माझ्या आत काय होते आहे, इकडे माझे लक्षच नव्हते.

कार्यक्रमाला थोडे दिवस राहिले असताना धाकटी दुकानात आली. ताई एका गिऱ्हाइकाची गादी बडवत होती. धाकटी शिंकली, नाक पुसले आणि म्हणाली, “मला शिकव.”

“काय?”

“बडवायला. स्टेजवर चार ठोके मला द्यायचेत. आवाज ते वाजवतील यंत्रातून, पण हात तरी खरे दिसायला हवेत. परत कपाळावर बसली तर सगळे हसतील.”

ताईने छड्या खाली ठेवल्या. “गाणं तुझं, चेहरा तुझा, व्हिडिओ तुझा. आता छड्यापण तुझ्याच?”

“ड्रम तू सोडलास! मी नाही काढलं तुला.”

“धुरात बसवलंस.”

“मी नाही बसवलं!”

“हात कुणी पुढे केला?”

शिवणयंत्र थांबले होते, म्हणजे आई ऐकत होती. ताई तरातरा जिन्याकडे गेली, मला ओढत आणले आणि दुकानाच्या मधोमध उलगडले. “शिकायचंय ना? मग हिच्यावर शीक. वाजली ती ही होती.” आणि दाखवायला म्हणून तिने छडी उचलून मला ठोका दिला.

भद्!

तिने पुन्हा मारले. भद्. दुसऱ्या बाजूला मारले. तिथून तर आवाजच आला नाही. मी सगळा जीव लावला, तरी माझ्यातून धप् निघेना. ताईचा चेहरा उतरला. धाकटीने खाली बसून माझ्यावर हात फिरवला आणि म्हणाली, “हिला काय झालं गं?”

बाबा आले. त्यांनी तळव्याने मला दाबून पाहिले, जसे डॉक्टर पोट बघतात. “मुकी झालीय. ओल धरली, आत गाठी झाल्या. कुणी ठेवली जिन्याखाली?” उत्तराची वाट न बघताच त्यांनी खोळ उसवायला घेतली. “तशीच यंत्रात घातली तर कापूस तुटेल. आधी उन्हात पसरा. गाठी हाताने सोडवायला लागतील.”

“दोघी बसा,” आई यंत्रामागून म्हणाली. “एकीचं काम नाही ते.”

गच्चीवर एका चादरीवर मला पसरले. मित्रांनो, इतकी वर्षे खोळीत राहिल्यावर एकदम उघड्यावर येणे सोपे नसते. सगळ्या जगाला माझे पोट दिसत होते. एका बाजूला ताई बसली, दुसऱ्या बाजूला धाकटी, तोंडाला रुमाल बांधून. गाठ सोडवायची तर ती दोन्ही हातांत धरून हळूहळू ताणायची असते. ओढाताण केली तर ती आणखी आवळते. सुरुवातीला धाकटीच्या शिंका तेवढ्या येत होत्या.

मग धाकटी खाली बघत म्हणाली, “बाबांनी मला कधी केली का गादी?”

“म्हणजे?”

“तुला केली. मी दारात उभी होते. मी म्हटलं, आणि मला? तर म्हणाले, ताईच्या कडेला झोप. तेव्हापासून कडेलाच झोपले मी. गाणं झालं तेव्हाही कडेलाच होते. ही गादी गल्लीत सगळे बघायला यायचे ना, तेव्हा मला वाटायचं, घाला एकदा पाण्यात हिला.” तिने हातातली गाठ ताणली. “ती पांढरी आली, ती माझ्यासाठी आलेली पहिली गादी. प्लॅस्टिकला पाठ चिकटते, रात्रभर झोप नाही लागत. पण माझी आहे.”

ताईचे हात थांबले. “आणि मला वाटायचं, सगळं तुलाच मिळालंय. बोलणं तुला, गाणं तुला, लोक तुझ्याकडे बघतात. माझ्याकडे आपली एक गादी.”

मित्रांनो, मी तेव्हा त्या चादरीवर पसरलेली होते, ढीगभर कापूस नुसता. मला एकदम ती दाराची चौकट आठवली आणि ती धरून उभी असलेली मुलगी आठवली. मी पट्टे मिरवत होते आणि ती माझ्याकडे बघत होती. मी पांढरीकडे जशी बघत होते, अगदी तशीच. माझ्यावर कुणी जळत असेल, हे माझ्या कधी मनातही आले नव्हते. मला इतकी लाज वाटली, की खोळ असती तर मी तिच्यात तोंड लपवले असते.

गच्चीच्या दारात बाबा उभे होते. कापूस उलटायला आले असतील. त्यांनी सगळे ऐकले असावे, कारण कापसाला हात न लावताच ते खाली गेले. त्या संध्याकाळी ते जेवायला उशिरा आले आणि काय झाले ते विचारले तर “दोरा संपला होता,” एवढेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पिंजले. मी अशी हलकी झाले, की यंत्राजवळ नुसती तरंगत होते. मग त्यांनी नव्या कापसाचा एक गठ्ठा फोडला आणि माझे दोन भाग केले. आई म्हणाली, “अहो, एकीच्या दोन कशा होतील?” बाबा म्हणाले, “नवा घालतो ना निम्मा. ही मला तेव्हाच करायला हवी होती.” आईने उरलेले पट्ट्यांचे कापड कपाटाच्या तळातून काढले. डाग मात्र दोघींना हवा होता. शेवटी आईने जुन्या खोळीचा तो कोपरा बरोबर मधोमध कापला आणि अर्धा अर्धा डाग दोन्ही खोळींवर ठिगळासारखा शिवला. दुसरी गादी बाबांनी धाकटीला दिली. ती तिच्यावर पालथी पडून राहिली आणि आईने दोनदा हाक मारली तरी उठली नाही.

मोठ्या सभागृहातल्या त्या कार्यक्रमाला मी दोन गाद्या होऊन गेले. भाड्याच्या ड्रमवाल्याला खांबाने आदल्या दिवशीच गोड बोलून कटवले होते. मॅडमनी आम्हाला स्टेजवर बघितले आणि त्या घाईघाईने आल्या. “अहो, पट्टे! कॅमेऱ्यात नाचतील.”

“नाचू द्या,” ताई म्हणाली. “लोक त्यासाठीच आलेत.”

यंत्रातला आवाज बंद ठेवला. सभागृहात अंधार झाला. ताईने एका मला दोन ठोके दिले, धप्, धप्! धाकटीने दुसऱ्या मला दोन दिले, धप्-धप्! तिचे जरा उशिरा पडले. ताईने तिच्याकडे पाहिले आणि हसली, पण या वेळी ते हसणे ऐकू गेले नाही, कारण सगळे सभागृह ओरडत होते, “नाही उठत, जा!” आणि सगळे उठून उभे राहिले होते.

त्या कार्यक्रमाचाही एक व्हिडिओ आहे. तो दातांच्या डॉक्टरांनी पाचव्या रांगेतून काढला. चित्र हलते, अर्ध्या गाण्यात त्यांचा अंगठाच दिसतो, आणि माझे पट्टे इतके नाचतात की बघणाऱ्याला गरगरते. तुम्ही तो पाहिला नसेल. कुणीच फारसा पाहिलेला नाही. पण त्यात ठोके माझे आहेत आणि दिसतेही मीच.

पांढरीचे काय झाले म्हणून विचाराल. तिच्यावरचे प्लॅस्टिक आता काढले आहे. दुपारी दुकान बंद झाले की बाबा कमरेला हात लावत वर येतात आणि गुपचूप तिच्यावर आडवे होतात. “स्प्रिंगेनं कंबरेला बरं वाटतं,” असे ते आईला सांगताना मी दोन्ही कानांनी ऐकले आहे. ज्या हातांनी मला दोनदा घडवले, त्यांना झोप लागते ती तिच्यावर! मी अजून जळते, मित्रांनो. खोटे कशाला बोलू? डावी मी उजव्या मीवरसुद्धा कधी कधी जळते, कारण डागाचा मोठा तुकडा तिच्याकडे गेला आहे. पण आता आईने ठरवून टाकले आहे, की दर सुटीला आम्हा दोघींना गच्चीवर ऊन दाखवायचे. उन्हात पडले की जळणे कमी होते.

म्हणून तुम्हालाही सांगणे आहे. गादीला ऊन दाखवा. तिला ओलसर भिंतीशी टाकू नका. गाठ हाताला लागली तर ती लगेच सोडवायला घ्या, आणि दोघांनी मिळून घ्या, कारण जुनी गाठ एकट्याने सुटत नाही. आणि ज्या दिवशी घरात एकासाठी नवी गादी येईल, त्या दिवशी तिचे पट्टे बघत बसण्याआधी दाराकडे एकदा वळून बघा. तिथे चौकट धरून कुणी “आणि मला?” असे विचारत उभे असेल, तर आधी त्याला उत्तर द्या.